नाईट व्हिजन आणि थर्मल: उसाच्या बांधावरून पाहताना

कराड, पाटण किंवा शिराळ्याच्या ऊसपट्ट्यात मोटारीची वीज रात्रपाळीला आली की दारे धरायला, म्हणजे पाटाचे पाणी वळवायला, शेतात जावेच लागते, आणि बिबट्याच्या भीतीमुळे ‘रात्री दिसणारी दुर्बीण’ घ्यावी का, असा प्रश्न हल्ली बांधाबांधावर निघतो. विचारणाऱ्याच्या मनात एकच वस्तू असते; त्या नावाखाली विकल्या जातात मात्र दोन: नाईट व्हिजन आणि थर्मल. दोन्हींच्या माहितीपत्रकावर ‘इन्फ्रारेड’ हा शब्द छापलेला असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण एकीतला इन्फ्रारेड म्हणजे तांबड्या रंगाच्या जरा पलीकडचा, साधारण 850 नॅनोमीटरचा प्रकाश, तर दुसरीतला म्हणजे त्याच्या दहापटीच्या आसपास लांब तरंगलांबीचे, 8 ते 14 मायक्रोमीटरचे उष्णतेचे प्रारण.

डिजिटल नाईट व्हिजन स्कोप हा मुळात कॅमेराच असतो. त्यातला सिलिकॉनचा सेन्सर आपल्या डोळ्याला न दिसणारा थोडा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशही टिपतो आणि अमावास्येच्या रात्री तोही पुरेनासा झाला की स्कोपवर बसवलेली अदृश्य प्रकाशाची बॅटरी, म्हणजे इल्युमिनेटर, तो पुरवते. हे घरीच पाहता येते: टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर बहुतेक फोनवर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. 850 नॅनोमीटरच्या इल्युमिनेटरकडे समोरून पाहिल्यास बारीक लालसर ठिणगी दिसते. 940 चा दिसत नाही, पण सेन्सरही त्याला कमी दाद देतो, त्यामुळे पल्ला घटतो.

जे उजळले तेच दिसायचे, ही या पद्धतीची ताकद आणि तीच तिची अडचण. बांधावर उभे राहून इल्युमिनेटर लावला, की हाताच्या अंतरावरची उसाची पाती पांढरीफटक होतात आणि त्यांच्या मागची सरी पार काळोखात बुडते. पसरणीच्या घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर समोर जशी पांढरी भिंत उभी राहते, तसाच प्रकार कोयनेच्या खोऱ्यात पावसाळी रात्री या स्कोपमध्ये होतो. मोकळ्या माळावर मात्र त्याला तोड नाही. प्राण्याच्या डोळ्यामागचा चकाकता पडदा तो प्रकाश सरळ परत पाठवतो, म्हणून डोळे दोन दिव्यांसारखे पेटतात, आणि अंतर बेताचे असेल तर बिबट्याच्या अंगावरचे ठिपकेही ओळखू येतात. जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपची रात्रीची कृष्णधवल छायाचित्रे याच तत्त्वावर निघतात.

थर्मल दुर्बिणीला प्रकाश लागतच नाही, त्यामुळे तिला इल्युमिनेटरही नसतो. सदतीस-अडतीस अंशांचे अंग स्वतःहून जे प्रारण बाहेर टाकते, ते सर्वांत जास्त 9 मायक्रोमीटरच्या जवळपास असते. साधी काच ते अडवते, म्हणून या दुर्बिणीचे भिंग बहुधा जर्मेनियमचे करतात. मी एकदा जीपच्या बंद काचेआडून अशी दुर्बीण लावली, तेव्हा शिवाराऐवजी माझ्याच चेहऱ्याचा धूसर डाग तिच्यात दिसला. काच खाली केल्यावर लांबच्या बांधावर बसलेले कुत्रे लख्ख उठून आले. थंडीच्या पहाटे, जमीन गार पडलेली असताना, ही दुर्बीण जे काम काही क्षणांत करते ते इल्युमिनेटर घेऊन तासभर फिरूनही होत नाही. वैशाखात मात्र दिवसभर तापलेले दगड, ताली आणि विहिरीचे कठडे रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतात, आणि बांधावरचा एखादा धोंडा दबा धरून बसलेल्या जनावरासारखा भासतो.

थर्मलचे खरे वैगुण्य ओळख पटवण्यात आहे. तिला रंग किंवा ठिपके दिसत नाहीत, तापमानातला फरक तेवढा दिसतो. त्यामुळे दूरवर वासरू, मोठे कुत्रे आणि बिबट्या हे तिन्ही उबदार ठिपकेच असतात. म्हणून माझे मत असे, की शोधायला थर्मल आणि ओळखायला नाईट व्हिजन. एकच घेणे परवडत असेल तर शेतकऱ्याने थर्मल घ्यावी, कारण ‘तिथे काहीतरी आहे’ एवढे कळले तरी माणूस मागे फिरतो. दाट उसाच्या आत मात्र दोन्ही आंधळ्या. ओल्या पानाला थर्मलही भेदत नाही. पानांच्या फटीतून अंगाचा तुकडा दिसला तर तेवढाच.

दोन्ही प्रकारच्या महागड्या स्कोपमध्ये अंतर मोजणारा लेसर, म्हणजे रेंजफाइंडर, असतो, आणि त्यालाच लोक इल्युमिनेटर समजतात. दोघांचा प्रकाश अदृश्य असला तरी इल्युमिनेटर सतत उजेड पाडतो, तर रेंजफाइंडर, बहुधा 905 नॅनोमीटरचा, क्षणिक स्पंद सोडून तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. 150 मीटरवर जाऊन परतायला त्या स्पंदाला एक मायक्रोसेकंद लागतो. त्याला लक्ष्य समजत नाही, आधी जे आडवे येईल त्याचे अंतर तो सांगतो. पलीकडच्या तालीवर नेम धरलेला असताना आकडा 14 मीटर येत असेल, तर तो समोर हलणाऱ्या पात्याचा असतो. दोन-तीनदा मोजून मगच तो धरावा.

याच सोयी असलेला रायफलचा स्कोप नुसते पाहण्यासाठी वापरू नये, कारण तो बंदुकीवर बसवलेला असतो आणि नजर जिकडे वळेल तिकडे नळीही वळते. दारे धरणारा शेजारीही त्या पडद्यावर उबदार ठिपकाच असतो. शिवाय बिबट्या आणि गवा हे दोघेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहेत. बांधावरच्या कामाला एका डोळ्याची, हातात धरायची दुर्बीण पुरते, आणि ती लावून आधी घराच्या वाटेकडे पाहावे, मग उसाच्या कडेकडे.