भाषाविज्ञानाला ढीगभर भाषा लागत नाहीत

‘भाषाविज्ञान घ्यायचं तर पाच-सहा भाषा बोलता याव्या लागतात, सोबत फ्रेंच घेतली तर ओझं दुप्पट’ असा समज गोव्यात बारावीनंतर कानावर येतो. प्रत्यक्षात फ्रेंचच्या तासाला वाचणं, लिहिणं, बोलणं शिकवतात. भाषाविज्ञानात ध्वनी, शब्दघडण, वाक्यरचना, अर्थ तपासतात. दोन्ही अभ्यासक्रमांतली घटकांची नावं शेजारी ठेवून वाचा.

उलट एकाची दुसऱ्याला मदतच होते. फ्रेंच ‘बो’ म्हणजे देखणा, ‘बों’ म्हणजे चांगला. भाषाविज्ञानात ध्वनी तपासतात तसं नाक चिमटीत धरून दोन्ही म्हणा: ‘बो’ तसाच राहतो, ‘बों’ कोंदतो, कारण त्यात हवा नाकातूनही जाते. ‘बों’च्या शेवटी वेगळा ‘न्’ किंवा ‘म्’ उच्चारला की चुकतं. कोकणीत असे नाकातून येणारे, म्हणजे अनुनासिक, स्वर आहेतच, त्यामुळे ही सवय गोव्यात अनेकांच्या तोंडी आधीपासून असते. प्रवेशाआधी विचारायचं ते हे: फ्रेंच मुळाक्षरांपासून शिकवणार, की आधीची पातळी लागणार?