किंडल की कोबो? आधी मागची गोष्ट बघा

ई-पुस्तकं वाचायच्या मशीनमध्ये ॲमेझॉनचं किंडल घेऊ की कोबो कंपनीचं असं कुणी विचारलं की चर्चा लगेच बॅटरी, वॉटरप्रूफ, प्रकाश वगैरेवर जाते, पण दोन्हींचा स्क्रीन ई-इंक या एकाच कंपनीच्या तंत्रज्ञानाचा असतो. खरा फरक आहे तो पैसे देऊन घेतलेली फाइल कुणाच्या ताब्यात राहते यात, आणि हे भांडण किंडलच्याही आधीचं आहे.

२००४ साली सोनीने जपानमध्ये लिब्रिए नावाचा रीडर आणला, ई-इंकचा स्क्रीन असलेला तो पहिलाच. मशीन छान होतं, पण त्यावरचं पुस्तक ६० दिवसांनी आपोआप बंद व्हायचं, मग कोण घेणार? १९ नोव्हेंबर २००७ ला ॲमेझॉनने ३९९ डॉलरला किंडल काढलं आणि साडेपाच तासांत स्टॉक संपला, कारण मोबाइल नेटवर्क फुकट, कॉम्प्युटर लागत नाही, मिनिटभरात पुस्तक हातात. पण ज्या वाटेने पुस्तक येतं त्याच वाटेने ते परतही नेता येतं, हे बहुतेकांच्या लक्षात आलं जुलै २००९ मध्ये.

झालं असं की जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'च्या काही आवृत्त्या हक्क नसलेल्या विक्रेत्याने किंडलवर टाकल्या होत्या. ॲमेझॉनने त्या दुकानातून काढल्याच, पण लोकांच्या किंडलमधूनही न विचारता पुसल्या आणि पैसे परत केले. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यात नोट्स काढल्या होत्या, पुस्तकच गेलं म्हटल्यावर त्या नोट्स कशाला लावायच्या? तो कोर्टात गेला. ॲमेझॉनचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसने माफी मागितली, प्रकरण दीड लाख डॉलरवर मिटलं. यात सगळ्यात जास्त तो नोट्सचा भाग मनाला लागतो, पुस्तकाचे पैसे परत देता येतात हो, समासात लिहिलेलं कसं परत देणार?

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकानच बंद केलं तेव्हाही तेच, जुलैत पुस्तकं गायब, पैसे परत, आणि ज्यांनी नोट्स काढल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर.

किंडलवाल्यांना निदान आपली फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय होती, तीही २६ फेब्रुवारी २०२५ ला काढली. कोबो इथे बरा वाटतो कारण तो पहिल्यापासून ईपब, म्हणजे कुठल्याही एका कंपनीचा नसलेला ई-पुस्तकाचा फाइल प्रकार, चालवतो, त्यामुळेच २०१४ ला सोनीने अमेरिकेतलं दुकान आवरलं तेव्हा ग्राहक कोबोकडे सोपवता आले. पण कुलूप तिथेही असतं, डीआरएम (फाइलची कॉपी अडवणारं डिजिटल कुलूप) लावायचं की नाही ते प्रकाशक ठरवतो, म्हणून घेण्याआधी पुस्तकाच्या पानावर बघून घ्या.

मराठी पुस्तकं किंडलवर अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून ई साहित्य प्रतिष्ठान ही संस्था मराठी पुस्तकांच्या फुकट पीडीएफ देतेय. सहा इंची स्क्रीनवर त्यातलं अक्षर बारीक दिसतं, झूम करत बसावं लागतं हा त्रास आहेच, पण वाचून झाल्यावर पुढे पाठवा असं ते स्वतःच पुस्तकात छापतात, त्यामुळे पेनड्राइव्हवर घालून मावशीला दिली तरी कुणाची परवानगी लागत नाही.