उडीच्या आधी सांगा

रिकाम्या मैदानात दहा-पंधरा माणसं आपापल्या नादात धावताहेत. कुणी हात पुढे करून हवेलाच बोलावतंय, कुणी मध्येच गर्रकन वळतंय, कुणी तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटतंय. कुत्रा मात्र एकाच्याही सोबत नाही. अजिलिटीची, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीची स्पर्धा पहिल्यांदा बघणाऱ्याला हा प्रकार वेडगळ वाटतो. खरं तर इथे पाठांतर चाललेलं असतं. अडथळ्यांचा क्रम दर फेरीला नवा असतो, तो आधी फक्त माणसाला बघायला मिळतो, आणि तोही मोजकी मिनिटं. कुत्रा मैदानात उतरतो तेव्हा त्याला पुढचं काहीच ठाऊक नसतं. पंधरा-वीस अडथळ्यांची वाट त्याला धावता धावता सांगायची. त्याला हात लावायचा नाही, खाऊ किंवा खेळणं जवळ बाळगायचं नाही.

या खेळाचा जन्म वेळ भरून काढण्यासाठी झाला. १९७८ साली लंडनमधल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांना गुंतवून ठेवायचं होतं, म्हणून घोड्यांच्या अडथळा-शर्यतीची नक्कल कुत्र्यांकडून करवली गेली. लोकांना ती एवढी आवडली की दोनच वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला खेळ म्हणून मान्यता दिली. १९९६ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. घोड्याची नक्कल असली, तरी एक मोठा फरक राहिला: घोड्यावर स्वार बसलेला असतो, त्याच्या हातात लगाम असतो. इथला स्वार वीस फूट मागे धापा टाकत असतो.

म्हणूनच या खेळाची सगळी गंमत माहिती वेळेवर पोचण्यात आहे. कुत्र्याने जमीन सोडली की तो भौतिकशास्त्राच्या ताब्यात जातो. फेकलेल्या चेंडूसारखाच त्याच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. हवेत तो अंग वळवू शकतो, पण मार्ग बदलू शकत नाही. ‘उडीनंतर डावीकडे’ हे त्याला झेप घेण्याआधी कळलं, तर तो आधीच पावलं आखडतो, तिरका उडतो आणि वळणातच उतरतो. तो हवेत असताना कळलं, तर सरळ लांब जाऊन पडतो आणि मग जमिनीवर करकचून वळतो. त्यात वेळ जातो ते परवडलं, पण त्या पिळाचा भार पुढच्या पायांवर येतो. कुत्र्याला आपल्यासारखं हाडाचं कार्यक्षम कॉलरबोन नसतं. त्याचा पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेला नसून स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. धक्के पचवायला ही रचना झकास, पण अजिलिटीतल्या दुखापतींमध्ये खांदा वरच्या क्रमांकावर असतो तो उगाच नाही.

मग वेळेवर सांगायचं कसं? आपण ओरडतो. आपल्याला वाटतं, कुत्रा शब्द ऐकतोय. २०१६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी शिकवलेल्या कुत्र्यांना मुद्दाम परस्परविरोधी सूचना दिल्या, तोंडाने एक आणि हाताने दुसरीच. बहुतेक कुत्र्यांनी हाताचं ऐकलं. मैदानात हेच दर मिनिटाला दिसतं. तोंडाने ‘बोगदा’ म्हणताना तुमचे खांदे आणि पावलं शेजारच्या उडीकडे वळलेली असतील, तर कुत्रा उडीकडे जाणार. प्रेक्षक हसतात, मालक ‘ऐकतच नाही’ म्हणून वैतागतो. त्याने ऐकलेलं असतं, फक्त तुमच्या पायांचं.

पुढे धावणाऱ्या कुत्र्याला मागचा माणूस दिसतो तरी कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे डोळे आपल्यापेक्षा जरा बाजूला असल्यामुळे त्याला साधारण २४० अंशांचा परिसर दिसतो. आपल्याला १८० अंशांच्या आसपास. तपशिलात मात्र तो मार खातो. माणसाला ७५ फुटांवरून जे स्पष्ट दिसतं, ते ओळखायला कुत्र्याला सुमारे २० फुटांवर यावं लागतं. हालचाल मात्र तो चटकन टिपतो. म्हणून बोटाच्या नाजूक खुणेपेक्षा आख्ख्या अंगाची दिशा त्याला लवकर कळते. रंगांचंही तसंच. कुत्र्याच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात, त्यामुळे त्याला निळा आणि पिवळा रंग वेगळे दिसतात, पण लाल आणि हिरवा यांत गल्लत होते. हिरवळीवर टाकलेलं लाल खेळणं तुम्हाला उठून दिसतं. तो ते मुख्यतः वासाने शोधतो. ए-फ्रेमसारख्या चढणीच्या अडथळ्यांवर जिथे पंजा टेकवलाच पाहिजे, तो भाग पिवळा रंगवण्याची पद्धत त्याच्या डोळ्यांनाही सोयीची आहे.

सगळ्यात अवघड प्रकार माझ्या मते वीव्ह पोल. उभ्या बारा काठ्या, दोन काठ्यांत साधारण ६० सेंटीमीटर अंतर, आणि पहिली काठी डाव्या खांद्याशी ठेवून शिरायचं. उडी, बोगदा, चढण यांना निसर्गात काहीतरी जोडीदार सापडतो. सरळ जाता येत असताना नागमोडी जाण्याचं कारण मात्र कुठल्याच प्राण्याला पडत नाही. त्यामुळे ते तुकड्यातुकड्यानेच शिकवावं लागतं. आधी काठ्यांच्या दोन रांगा दूर ठेवून मधून सरळ धावू द्यायचं, मग दर काही दिवसांनी त्या बोटभर जवळ आणायच्या. इथेही वेळेचाच खेळ. बक्षीस दोन सेकंद उशिरा मिळालं, तर कुत्र्याच्या हिशेबी ते वळून तुमच्याकडे बघण्याचं बक्षीस ठरतं. क्लिकरचा, म्हणजे दाबल्यावर वाजणाऱ्या छोट्या डबीचा ‘टिक’ आवाज यासाठीच: तो नेमका क्षण पकडतो, खाऊ मागाहून आला तरी चालतं.

सी-सॉची भीती वेगळी. पायाखालची फळी अचानक खाली जाते आणि धाडकन आपटते. तरफेच्या नियमाने हलक्या कुत्र्याला टेकूच्या बरंच पुढे जावं लागतं, आणि फळी हळूहळू खाली येईपर्यंत धीर धरावा लागतो. छोट्या कुत्र्याचं धैर्य इथे खरं बघायला मिळतं.

जोश वाढवला की कुत्रा चांगला धावतो, ही समजूत अर्धीच खरी. २०१५ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात कुत्र्यांना पारदर्शक आडोशाला वळसा घालून खाऊ गाठायचा होता. आवाज चढवून उत्तेजित केल्यावर मुळात शांत असलेले, मदतनीस म्हणून शिकलेले कुत्रे अधिक चांगलं वागले. घरगुती, चंचल कुत्रे मात्र आडोशावरच धडकू लागले. तुमचा कुत्रा आधीच उड्या मारत असेल, तर सुरुवातीच्या रेषेवर त्याला आणखी चेतवण्यात अर्थ नाही.

सुरुवात करायला मैदान लागत नाही. जमिनीवर ठेवलेली काठी, फेरी मारायला एक खुर्ची, लहान मुलांचा कापडी बोगदा एवढ्यावर बरेच दिवस निघतात. पिल्लाकडून मात्र उंच उड्या नकोत. हाडांच्या टोकांची वाढीची पट्टी बुजायला वर्ष-दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींत त्याहूनही जास्त. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १८ महिन्यांआधी प्रवेश नसतो, त्यामागे हेच आहे. आणि उन्हात मुळीच नाही, कारण कुत्रा घामाने नव्हे तर मुख्यतः धापा टाकून थंड होतो. चपट्या नाकाच्या जातींना तर तेही धड जमत नाही.

काही आठवड्यांनी एक गोष्ट हमखास घडते. तुम्हाला सांगायला उशीर होतो, कुत्रा उडीनंतर थांबतो, तुमच्याकडे तोंड करतो आणि खणखणीत भुंकतो. मग पुन्हा त्याच उडीकडे धावतो.