भरल्या घरात प्रेम जमत नव्हतं?

पूर्वीच्या इंग्लंडमध्ये घरात आठ-दहा मुलं असायची, म्हणून चौदा-पंधराव्या वर्षीच आईबाप मुलींना उजवून टाकत आणि प्रेमाबिमाला जागाच नव्हती, असा समज पक्का बसला आहे. पुरावा म्हणून शेक्सपिअरची ज्युलिएट पुढे केली जाते. पण ती नाटकातली, त्यातही इटलीतल्या बड्या घरची!

चर्चच्या जुन्या नोंदवह्या वेगळंच सांगतात. 17व्या शतकात सामान्य इंग्रज मुलीचं पहिलं लग्न सरासरी 25-26व्या वर्षी होई, मुलाचं 27-28व्या. कायद्याने मुलीला 12 आणि मुलाला 14 वर्षं पुरेशी होती, हे खरं. पण इतक्या लवकर बोहल्यावर चढणारे विरळाच. कारण लग्न म्हणजे वेगळी चूल, आणि ती मांडायची तर गाठीशी पैसा हवा. त्यासाठी बरीच मुलंमुली किशोरवयातच परक्यांच्या शेतावर, घरी वर्षाच्या बोलीने कामाला राहत. त्यामुळे भावंडं कितीही असोत, सगळी एका छपराखाली क्वचितच सापडत. पीटर लॅस्लेट या इतिहासकाराच्या मोजणीत सरासरी घर जेमतेम पावणेपाच माणसांचं निघालं. साहजिकच ओळखी जुळत त्या बहुधा आईबापांच्या नजरेआड, कामावर किंवा जत्रेत.

इस्टेटवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे लग्न हा सौदाच. 1753च्या कायद्याने 21 वर्षांखालच्यांवर पालकांच्या संमतीचा पाश आवळला, तेव्हा अधीर जोडपी सरळ सीमा ओलांडून स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळू लागली.