हँडलची अवजारे, इंजिनदुरुस्तीतील (गोवा)

विजेच्या मोटरऐवजी हाताने हँडल फिरवून चालवायची भोके पाडण्याची, घासण्याची, धार लावण्याची आणि बोअर (सिलिंडरचे आतले भोक) कातण्याची अवजारे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती जगभरच्या गॅरेजांत होती. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये विजेवरचे हातड्रिल बनवले, तरी पुढची कित्येक वर्षे हँडलची अवजारे खपतच राहिली, कारण वीज सगळीकडे नव्हती.

गोव्यात ती टिकण्यामागे मुख्य कारण इंजिनांच्या जागेचे आहे. कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) पंप, मांडवी-जुवारीवरची लाँच किंवा खनिजाची बार्ज, डिचोली-सांग्याच्या खाणीवर बंद पडलेला ट्रक. यांतले काहीच उचलून शहरातल्या वर्कशॉपात नेण्यासारखे नसे. मेस्त्रीच पेटी घेऊन तिथे जाई. खेड्यापाड्यांत वीज पोहोचली ती बहुतांशी १९६१ च्या मुक्तीनंतर. त्यातच १९५५ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर हद्दीपलीकडून माल येणे अवघड झाले आणि सुट्या भागांची मदार मुरगाव बंदरात लागणाऱ्या बोटींवर राहिली. नवा व्हॉल्व कधी येईल याचा भरवसा नसला की आहे तोच घासून चालवावा लागतो.

व्हॉल्व घासण्याचे हँडल : या सगळ्या अवजारांत डोके सर्वांत जास्त यातच घातलेले दिसते. बाहेरून ते साध्या हातड्रिलसारखे. हँडल मात्र एकाच दिशेने फिरवत राहिले तरी टोकाची दांडी थोडी पुढे जाते, थोडी मागे येते, परत पुढे जाते. एका प्रकारात आतल्या मोठ्या चाकाला सलग दाते नसतात. काही दाते दांडीवरच्या एका पिनियनला (लहान दातेरी चाकाला) लागतात, उरलेले दुसऱ्याला, आणि दोन पिनियन दांडीला उलटसुलट दिशांनी फिरवतात. पुढची चाल मागच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेली असते. त्यामुळे व्हॉल्व दर खेपेला जरासा सरकतो आणि झीज सीटच्या (व्हॉल्व जिथे टेकतो त्या कड्याच्या) सगळ्या घेरावर सारखी होते. तोच व्हॉल्व एका दिशेने गरगर फिरवला, तर पेस्टमधला दाणा सीटवर गोल चरे पाडतो आणि त्या चऱ्यांतून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटते.

पेस्ट म्हणजे ग्रीसमध्ये कालवलेली कार्बोरंडमची पूड. हे कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन याने शोधले आणि १८९३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आधी जाड पेस्ट, मग बारीक. सिलिंडरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, नाहीतर पेस्ट आत उतरून रिंगा खाते. व्हॉल्वच्या डोक्याखाली एक हलकी स्प्रिंग ठेवतात. हात सैल केला की व्हॉल्व आपोआप उचलला जातो आणि पेस्ट पुन्हा मध्ये पसरते. हे काम कानाने चालते. दाणा ताजा असेपर्यंत खरखर ऐकू येते. आवाज मऊ पडला की दाणा मोडला, पुसून नवी पेस्ट लावायची. काम झाल्याची खूण म्हणजे ४५ अंशांच्या (काही इंजिनांत ३० अंशांच्या) उतारावर उमटलेली राखाडी, सलग, एकसारख्या रुंदीची पट्टी. खात्री करायची तर सीटवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारून व्हॉल्व जरा फिरवायचा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तर बैठक बरोबर. पोर्टमध्ये (व्हॉल्वमागच्या वाटेत) रॉकेल ओतून ते पाझरते का, हे पाहणे ही दुसरी परीक्षा.

जुन्या साइड-व्हॉल्व इंजिनांत व्हॉल्व ब्लॉकमध्येच असत. हेड उतरवले की ते समोर दिसत, आणि ब्लॉक न हलवता होडीतच काम उरकता येई. अशा व्हॉल्वच्या डोक्याला स्क्रूसारखी खाच किंवा दोन भोके असत. म्हणून या हँडलबरोबर चपटे पाते आणि दोन काट्यांचे टोक अशी जोडणी मिळे. सपाट डोक्यासाठी रबराची वाटी होती. हीच वाटी लाकडी दांडक्याला लावून, दोन तळव्यांत घुसळत घासण्याची पद्धत आजही सर्रास आहे. माझ्या मते चांगल्या हाताला तीच पुरते; दात्यांच्या हँडलने फक्त मनगट वाचते.

ड्रिल : छातीच्या ड्रिलला मागे अर्धगोल पट्टी असते, ती छातीला टेकवून अंगाचा भार द्यायचा आणि एका हाताने हँडल मारायचे. बऱ्याच ड्रिलांना दोन गती असत, लाकडाला जलद आणि लोखंडाला सावकाश. अमेरिकेतल्या मिलर्स फॉल्स कंपनीची अशी ड्रिले प्रसिद्ध आहेत. इंजिनदुरुस्तीत त्यांचे खरे काम तुटलेला स्टड (आट्यांची खिळी) काढण्याचे. मध्य साधून सावकाश भोक घेतले तर बिट (भोक पाडणारे पाते) बाजूच्या मऊ बिडात घसरत नाही. खांबाला बसवायचे मोठे ड्रिल लोहाराकडेच जास्त दिसे. वर जड फ्लायव्हील, आणि हँडलच्या प्रत्येक फेरीला खिटी एक दात सरकवून बिट आपोआप खाली ढकलते.

ग्राइंडर : टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा. हँडलच्या एका फेरीला चाक दहा फेऱ्या घेत असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्या मारून चाकाच्या ६०० होतात. विजेवरच्या छोट्या ग्राइंडरच्या २८०० च्या आसपास असतात. वेळ जातो, पण बिट तापत नाही आणि पोलादाचे पाणी उतरत नाही. एक हात हँडलवर अडकत असल्याने फिरवायला बहुधा एक पोऱ्या लागे, आणि गॅरेजातले शिक्षण तिथूनच सुरू होई.

बोअर कातण्याचे हातयंत्र ब्लॉकवरच आवळून बसवता येत असे. स्टार्टिंग हँडल हे खरे तर अवजार नव्हे, पण पिस्टन वरच्या टोकाला आणायला मेस्त्री तेच वापरत. ते मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिन उलटे झटकले तर अंगठा मोडतो. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलांत विजेचा स्टार्टर आणला; लिस्टरसारखी पंपाची डिझेल इंजिने मात्र त्यानंतर कित्येक दशके हँडलनेच सुरू होत राहिली.

मापे : गोव्यातल्या जुन्या पेट्यांत मिलिमीटरचे आणि इंचाचे पाने एकत्र सापडतात. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ मध्येच स्वीकारली होती, जर्मन व इटालियन गाड्याही त्याच मापाच्या; ब्रिटिश इंजिने मात्र व्हिटवर्थ (ब्रिटिश इंची मापाच्या) आट्यांची. अवजार कुठले हे ओळखायचे असेल तर छाप झिजलेला असला तरी आटे बघावेत : व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६०.

सध्याची स्थिती : १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मालीम, कुटबण या धक्क्यांवर ट्रॉलरची इंजिने उघडली जातात आणि मोठ्या डिझेलचे व्हॉल्व तिथे हाताने घासले जातात. ॲल्युमिनियमचा थर दिलेले नवे व्हॉल्व घासू नयेत, थर जातो. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयाने शेती आणि बलुतेदारीची अवजारे जमवली, ते मोठेच काम. गॅरेजच्या अवजारांकडे त्या मानाने कोणी पाहिले नाही. ती किलोवर भंगारात जातात. जुने ड्रिल घेताना आधी चक, म्हणजे बिट धरणारा भाग, उघडून पाहावा. खाऱ्या हवेत जबड्यांमागच्या बारीक स्प्रिंगा सगळ्यांत आधी गंजून तुटतात. त्या बदलता येतात. बिडाच्या चाकाचा दात तुटलेला असेल, तर मात्र दुसरे चाक मिळणे कठीण. गंज रॉकेल आणि तारेच्या ब्रशने निघतो. ग्राइंडर लावून लखलखीत करणाऱ्यांनी मूळ रंग, छाप आणि मापाचे आकडे घालवल्याची उदाहरणे सापडतात. पावसाळ्याआधी दात्यांना ग्रीस भरून अवजार जमिनीपासून उंचावर, वारा लागेल असे ठेवावे.