शिळी टीएलबी नोंद

पेज टेबलमधले, म्हणजे आभासी पत्ते भौतिक मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्यातले, मॅपिंग बदलले, पण प्रोसेसरच्या टीएलबीत जुनेच राहिले, तर त्या जुन्या नोंदीला शिळी नोंद म्हणतात. टीएलबी, म्हणजे ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर, आभासी पत्ता कोणत्या भौतिक फ्रेमवर (मेमरीच्या पानाएवढ्या तुकड्यावर) जातो याचे उत्तर हाताशी ठेवतो. एक्स८६-६४ वर चार पातळ्यांचे पेज टेबल असेल, तर टीएलबीत उत्तर न सापडल्यास मेमरी चार वेळा वाचावी लागू शकते. वेगवेगळ्या कोरच्या डेटा कॅश हार्डवेअर आपणहून जुळवून ठेवते. टीएलबीचे तसे नाही. तिथे शिळे काढून टाकण्याची जबाबदारी कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, असते.

पान मेमरीत नसले किंवा परवानगी नसली की प्रोसेसर कर्नलकडे वळतो; हा पेज फॉल्ट. अशा प्रत्येक फॉल्टनंतर सगळा टीएलबी फ्लश, म्हणजे रिकामा, करणे सुरक्षित असते, पण फार महाग पडते. त्यामुळे बदल कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे. पान मेमरीत नव्हते आणि आता आणले, असा साधा फॉल्ट एक्स८६ आणि आर्मवर फ्लशशिवाय निभावतो, कारण हे प्रोसेसर अवैध नोंद टीएलबीत ठेवत नाहीत. रिस्क-व्हीमध्ये मात्र अवैध नोंदही कॅश करायला मुभा आहे. तिथे एसफेन्स.व्हीएमए ही आज्ञा द्यावी लागते, नाहीतर तोच फॉल्ट पुन्हा येऊ शकतो. परवानगी वाढवली, म्हणजे फक्त वाचनाचे पान लिहिण्यायोग्य केले, तरी फार बिघडत नाही. दुसऱ्या कोरवरची शिळी नोंद लिहू देणार नाही आणि एक फुकटचा फॉल्ट येईल. एक्स८६ वर तो फॉल्टच त्या पत्त्याची नोंद काढून टाकतो. कर्नलने टेबल तपासून ‘सगळे ठीक आहे’ एवढे ओळखायचे आणि परतायचे. अशा फॉल्टला चूक समजून प्रोसेस मारणे हा नव्या कर्नलमध्ये हमखास होणारा घोटाळा आहे.

खरा धोका परवानगी घटते किंवा फ्रेम बदलते तेव्हा असतो. कॉपी-ऑन-राइटचे, म्हणजे लिहायची वेळ आल्यावरच पानाची प्रत काढण्याचे, उदाहरण घेऊ. फोर्कनंतर, म्हणजे पालक प्रोसेसने आपली प्रत (अपत्य) बनवल्यावर, एक पान फ्रेम १२० वर आहे आणि पालक व अपत्य दोघांनाही ते फक्त वाचता येते. पालकाचा थ्रेड ‘ब’ कोर १ वर ते वाचतो, त्यामुळे तिथल्या टीएलबीत १२० बसते. कोर ० वरचा पालकाचाच थ्रेड ‘अ’ त्यात लिहू पाहतो आणि फॉल्ट होतो. कर्नल ४०९६ बाइट फ्रेम ३४५ मध्ये उतरवतो आणि टेबलात ३४५ लिहितो. आता ‘अ’ ३४५ मध्ये लिहितो, पण ‘ब’ अजून १२० च वाचतो. ‘अ’ने लावलेल्या झेंड्याची तो वाट पाहत असेल, तर ती नोंद टीएलबीतून बाहेर पडेपर्यंत पाहतच राहील. अपत्य संपून १२० दुसऱ्या प्रोसेसला मिळाली, तर ‘ब’ परक्याचा डेटा वाचेल. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी टेबलातली नोंद रिकामी करायची, मग सर्व संबंधित कोरवर फ्लश, आणि त्यानंतरच नवी नोंद. लिनक्स याच क्रमाने जातो. फोर्क करतानाही पालकाची पाने वाचनापुरती केल्यावर फ्लश हवाच. तो राहिला, तर पालक जुन्या लिहिण्यायोग्य नोंदीतून सामाईक फ्रेममध्ये लिहितो आणि फॉल्ट येतच नाही.

एक्स८६ वर इन्व्हएलपीजी ही एका पानाची नोंद काढणारी आज्ञा आपल्याच कोरपुरती चालते. इतर कोरना इंटरप्ट पाठवून त्यांच्या पोचपावतीची वाट पाहावी लागते. यालाच टीएलबी शूटडाउन म्हणतात. ही वाट इंटरप्ट बंद ठेवून पाहू नये: दोन कोर एकाच वेळी एकमेकांसाठी थांबले, तर दोघेही अडकतात. आर्म६४ वर टीएलबीआय या फ्लशच्या आज्ञेचा प्रसारित प्रकार हार्डवेअरच सगळीकडे पोचवतो, पण त्यामागून डीएसबी ही आधीचे काम पुरे होईपर्यंत थांबवणारी आज्ञा दिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरता येत नाही. पाने बरीच असतील, तर एकेक काढण्यापेक्षा सगळाच फ्लश स्वस्त पडतो. एक्स८६ लिनक्समध्ये ही मूळ मर्यादा ३३ पाने आहे.

मोकळी केलेली फ्रेम फ्लश पुरा होण्याआधी वाटपाच्या यादीत जाता कामा नये. लिनक्स ३.२ पासून एमरीमॅप हा मॅपिंग हलवणारा सिस्टम कॉल पेज टेबलचे कुलूप सोडल्यावर फ्लश करत असे. मधल्या फटीत दुसरा थ्रेड ते पान मोकळे करू शकत होता आणि शिळ्या नोंदीतून मोकळ्या झालेल्या फ्रेमला हात लागत होता. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतली सीव्हीई-२०१८-१८२८१ ती हीच त्रुटी. डर्टी बिटचेही, म्हणजे पानात लिहिले गेल्याच्या खुणेचेही, असेच आहे. टेबलातला बिट पुसला पण फ्लश केला नाही, तर प्रोसेसर आपल्या जवळच्या नोंदीत तो आधीच लागलेला पाहतो आणि टेबलात पुन्हा लावत नाही. पुढचे लिखाण मग डिस्कवर पोचत नाही.

मिप्ससारख्या प्रोसेसरवर टीएलबी सॉफ्टवेअरच भरते. तिथे परवानगी बदलताना टीएलबीपी आज्ञेने जुनी नोंद शोधून तिच्याच जागी टीएलबीडब्ल्यूआयने लिहावे. टीएलबीडब्ल्यूआरने भलत्या जागी लिहिले, तर एकाच पानाच्या दोन नोंदी होतात, आणि आर३००० त्यावर टीएलबीच बंद करू शकतो.

संशय आला, तर प्रत्येक टेबल-बदलानंतर सर्व कोरवर संपूर्ण फ्लश घालून पाहावे. दोष नाहीसा झाला, तर कुठेतरी फ्लश राहिला असण्याची शक्यता मोठी. मग एकेक फ्लश काढत जागा शोधावी. मात्र फ्लशमुळे वेळेचे गणितही बदलते, तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नये. एक्स८६ लिनक्सवर शूटडाउनची कोरवार मोजणी /प्रॉक/इंटरप्ट्स फाइलच्या टीएलबी ओळीत दिसते.