विंग रनिंग (ग्लायडर उड्डाण)

विंग रनिंग : ग्लायडर (सहसा इंजिन नसलेले, दोराने ओढून उडवले जाणारे विमान) धावू लागल्यापासून त्याची नियंत्रणे काम करू लागेपर्यंत पंखाचे एक टोक हातात धरून, दोन्ही पंख समतल ठेवीत, त्याच्याबरोबर धावण्याची पद्धत. हे काम करणाऱ्याला विंग रनर म्हणतात. बहुतेक ग्लायडरांना मुख्य चाक एकच आणि तेही धडाच्या मध्यरेषेवर असते. म्हणून जमिनीवर उभ्या असलेल्या ग्लायडरचा एक पंख टेकलेलाच राहतो. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सहसा १५ मीटर किंवा त्याहून अधिक असल्याने, धावताना टोक गवतात अडकले तरी सारे ग्लायडर त्या बाजूला फिरू शकते.

विंग रनरचे काम धावण्याच्या आधीच सुरू होते. शेपटीखालची हाताने ढकलण्याची चाकगाडी, म्हणजे टेल डॉली, काढली आहे ना, हे त्याने पाहायचे असते. ती राहून गेली तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ग्लायडर धोकादायक ठरते. कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) व एअरब्रेक (पंखांतून वर येणाऱ्या, उचल कमी करणाऱ्या पट्ट्या) बंद आहेत, वर आणि मागे दुसरे विमान येत नाही, एवढी खात्री झाल्यावर आणि वैमानिकाने तयारी कळवल्यावरच पंख उचलला जातो. ब्रिटिश पद्धतीत मोकळा हात कमरेखाली हलवला की दोराची ढील काढायची, डोक्यावर हलवला की पूर्ण ओढ द्यायची आणि सरळ वर स्थिर धरला की थांबायचे. थांबण्याची सूचना मैदानावरचा कोणीही देऊ शकतो.

टोक घट्ट पकडायचे नसते. हलक्या हाताला पंखाचा कल कळतो. वजनासाठी पंखांत भरलेल्या पाण्याचा भार दोन्हीकडे असमान असेल तर तोही येथेच जाणवतो आणि अशा वेळी उड्डाण थांबवणेच योग्य. मागे ओढले, पुढे ढकलले किंवा सोडायला उशीर केला, तर ग्लायडरचे नाक वळते. थोडक्यात, विंग रनर तोल राखत नाही, तो वैमानिकाच्या हाती सोपवतो. त्यामुळे वेगापेक्षा येथे वेळेवर हात सोडण्याला महत्त्व आहे.

सोपवलेला तोल सांभाळण्याची साधने सुरुवातीला दुबळी असतात. पंखाच्या मागच्या कडेचे, कल सावरणारे एलेरॉन हवेच्या वेगावर चालतात, आणि पहिल्या क्षणी तो वेग नसतोच. आडवा वारा असेल तर तो उभ्या शेपटीवर आदळून नाक वाऱ्याकडे वळवू पाहतो. अशा वेळी वैमानिक एलेरॉन व रडर (उभ्या शेपटीवरचे, नाक वळवणारे सुकाणू) पुरेपूर वापरतो, पण डावा हात दोर सोडण्याच्या पिवळ्या मुठीवर किंवा तिच्या अगदी जवळ ठेवतो.

विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळून, होणाऱ्या उड्डाणात ही सावधगिरी सर्वांत मोलाची, कारण तिथे ग्लायडर थांबलेल्या अवस्थेतून तीन-चार सेकंदांत उडण्याच्या वेगाला पोहोचते आणि विंग रनरला जेमतेम काही पावले धावता येते. पंख टेकलेला असतानाच ग्लायडर उचलले गेले, तर ते त्या टोकाभोवती गिरकी घेऊन उलटू शकते. म्हणून पंख समतल राखता येत नसेल, तर तो जमिनीला टेकण्यापूर्वीच दोर सोडावा, असा नियम आहे. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये विंच-उड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी सुरू केलेल्या मोहिमेत यावर विशेष भर होता. महाराष्ट्रात पुण्याजवळ हडपसर येथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ग्लायडिंग केंद्रात विंचने उड्डाणे झाली आहेत.

विमानाने ओढून नेताना वेग हळूहळू वाढतो. त्यामुळे विंग रनरला अधिक अंतर धावावे लागते आणि वैमानिकालाही दुबळ्या एलेरॉनांसह जास्त काळ काढावा लागतो. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, धडाजवळच्या हलत्या पट्ट्या) असलेल्या ग्लायडरांत ते सुरुवातीला किंचित वर वळवलेले ठेवतात, म्हणजे एलेरॉनांचा परिणाम लवकर जाणवतो. वेग आल्यावर ते खाली आणले जातात. स्वतःच्या इंजिनावर उडणाऱ्या काही ग्लायडरांना पंखांच्या टोकांजवळ लहान चाके बसवलेली असतात आणि ती विंग रनरविनाही निघू शकतात.